घरी शिकणाऱ्या मुलांसाठी मराठी व्याकरण: अभ्यासक्रम निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा, यवतमाळ, अमरावती, गोंदिया, गडचिरोली या भागांतल्या खेड्यांतून मुलांना घरीच शिकवणारे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. कोणी शहर सोडून शेतीकडे परतलं आहे, कोणाच्या गावात चौथीपुढे शाळा नाही, कोणाचं लेकरू आजारपणामुळे घरी आहे. उत्तरं क्रमानं वाचलीच पाहिजेत असं नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. व्याकरणासाठी वेगळं पुस्तक लागतेच का? कोणत्या वयापासून सुरू करायचं?

साधारण आठ वर्षांपर्यंत वेगळं पुस्तक नको. या वयात गोष्टी ऐकणं, मोठ्यानं वाचणं, पाहिलेलं सांगणं आणि दोन-चार ओळी लिहिणं एवढं रोज झालं, तर व्याकरणाचा पाया आपोआप बसतो. त्यानंतर क्रम महत्त्वाचा, पुस्तक दुय्यम.

मी सुचवते तो क्रम असा. आधी वाक्य: कोण आणि काय करतं. मग नाम, क्रियापद, विशेषण. मग लिंग आणि वचन. त्यानंतर सामान्यरूप (प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं होणारं बदललेलं रूप) आणि प्रत्यय, कारण मराठीत चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. मग काळ, मग अव्ययं. प्रयोग (क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं की कर्माप्रमाणे, ते) आणि वाक्याचे प्रकार सहावी-सातवीच्या वयात. संधी, समास, अलंकार, वृत्तं शेवटी. वृत्तं तर कविता पाठ असल्याशिवाय घेऊच नका.

पुष्कळ पुस्तकं वर्णविचार आणि संधीपासून सुरू होतात. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे, पण नऊ वर्षांच्या मुलाला ‘सूर्य + उदय’ जोडण्याआधी स्वतःचं वाक्य नीट लिहिता यायला हवं.

२. घरी शिकवणं कायद्यात बसतं का? उद्या कोणी विचारलं तर?

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं तो सांगतो, मात्र न घातल्यास पालकाला शिक्षा त्यात नाही. घरशिक्षणाची वेगळी तरतूदही नाही. म्हणून मुलाच्या अभ्यासाच्या वह्या तारीख घालून जपून ठेवा आणि प्रमाणपत्राची वाट आधीच ठरवा. ती वाट प्रश्न १४ मध्ये आहे.

३. कोणकोणते पर्याय आहेत? आमच्या तालुक्याच्या दुकानात फक्त गाइडं मिळतात.

गाइड बाजूला ठेवा. मुख्य पर्याय तीन.

पहिला, बालभारतीची पाठ्यपुस्तकं. पहिली ते आठवीसाठी ‘मराठी बालभारती’, नववी-दहावीसाठी ‘कुमारभारती’. त्यांची पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळते, आणि छापील प्रती नागपूर व अमरावतीच्या भांडारांतून येतात. व्याकरण धड्यांखालच्या स्वाध्यायांत विखुरलेलं असतं. ते वाक्यांतून येतं हे चांगलं आहे. पण घरी शिकवणाऱ्या पालकाला आज काय घ्यायचं आणि मागच्या वर्षी काय झालं, याचा धागा स्वतः धरावा लागतो. पाठ्यपुस्तकं टप्प्याटप्प्यानं बदलतात, म्हणून उतरवून घेताना आवृत्तीचं वर्ष पाहा.

दुसरा, मोठ्या माणसांसाठी लिहिलेली व्याकरणाची पुस्तकं. यांतली बरीच स्पर्धा परीक्षांसाठी असतात. नियम, अपवाद आणि याद्या यांनी भरलेली. पालकानं संदर्भासाठी एक जरूर घ्यावं, पण मुलाच्या हातात देऊ नये. तलाठ्याच्या परीक्षेला बसणाऱ्या मामाचं पुस्तक दहा वर्षांच्या भाच्याला दिलेलं मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. मूल महिनाभरात व्याकरणालाच कंटाळतं.

तिसरा, मुलांसाठीची सरावपुस्तकं. यांत चांगली-वाईट दोन्ही असतात. निवडायची कशी ते पुढच्या उत्तरात.

माझं मत विचाराल तर बहुतेक घरांना बालभारतीचं पुस्तक, पालकासाठी एक संदर्भपुस्तक आणि एक दोनशे पानी वही एवढं पुरतं.

४. दुकानात उभ्या उभ्या पुस्तक चांगलं की वाईट हे कसं ओळखायचं?

सरळ ‘विशेषण’ हे प्रकरण उघडा. प्रकरण वाक्यांनी सुरू होतं की व्याख्येनं, हे आधी पाहा. मग स्वाध्यायाकडे या. सगळे प्रश्न ‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा’ अशाच पठडीतले असतील, तर ते पुस्तक मुलाकडून फक्त ओळख करून घेतं, भाषा वापरून घेत नाही. ‘या ओळीत दोन विशेषणं घालून ती पुन्हा लिहा’, ‘विशेषणं काढून टाका आणि काय हरवलं ते सांगा’ असे प्रश्न दिसले, तर पुस्तक हातात ठेवा.

त्यानंतर ‘सामान्यरूप’ शोधा. तिथे फक्त ‘घोडा – घोड्याला’ असा तक्ता आहे, की मुलाला स्वतः नियम शोधायला लावला आहे? शेवटी उत्तरसूची. घरी शिकवताना ती हवीच, कारण शंका आली तर विचारायला शेजारी गुरुजी नसतात.

कागद गुळगुळीत आहे, चित्रं रंगीत आहेत, याला भुलू नका.

५. आमचं लेकरू घरी ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ असंच बोलते. ही सवय मोडली नाही तर व्याकरण कसं येईल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तर सविस्तर देते. सवय मोडायची नाही. मुलाच्या तोंडी आधीच एक पूर्ण व्याकरण आहे आणि तुमचा अभ्यासक्रम तिथूनच सुरू झाला पाहिजे.

‘मले, तुले, त्याले, रामाले’ यात चूक कुठे आहे? प्रमाण मराठीत जिथे ‘ला’ लागतो तिथे वऱ्हाडीत ‘ले’ लागतो, आणि तो दर वेळी लागतो. मूल कधी ‘मले’ आणि कधी ‘मलू’ म्हणत नाही. प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं रूप बदलतं हेही त्याला ठाऊक आहे, कारण ते ‘घोडाले’ न म्हणता ‘घोड्याले’ म्हणतं. सामान्यरूप त्याला येतं, नाव तेवढं माहीत नाही. तसंच ‘ळ’चा ‘य’ होतो: डोळा – डोया, काळा – काया, केळी – केयी. ‘ये’ म्हणजे आत्ता आणि ‘येजो’ म्हणजे नंतर, हा भेद पाच वर्षांचं पोर अचूक पाळतं.

करायचं ते असं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘घरी’, उजवीकडे ‘पुस्तकात’. डावीकडे मुलानं त्या दिवशी खरंच बोललेलं वाक्य लिहायचं, उजवीकडे त्याचं प्रमाण रूप.

माय वावरात जाऊन राहिली. – आई शेतात जात आहे.
मले भूक लागली. – मला भूक लागली आहे.
तू काऊन नाही आला? – तू का आला नाहीस?
त्याचा डोया दुखते. – त्याचा डोळा दुखतो.

रोज दोनच वाक्यं. पंधरा-वीस वाक्यं झाली की मुलालाच विचारा, काय बदललं? चौथ्या जोडीत ते आधी ‘ळ’ पकडेल. मग ‘दुखते’चं ‘दुखतो’ कसं झालं, तिथे थांबेल. इथे एक महत्त्वाची गोष्ट दडली आहे. आपल्याकडे ‘तो येते, ती येते, ते येते’ असं तिन्ही लिंगांना वर्तमानकाळात एकच रूप चालतं, आणि प्रमाण मराठीत ‘तो येतो, ती येते, ते येतं’ अशी तीन. पुण्या-मुंबईकडे तयार झालेलं पुस्तक हा भेद शिकवायला जात नाही, कारण तिकडच्या मुलाला तो बोलण्यातूनच येतो. आपल्या मुलाला तो वेगळा शिकवावा लागतो, आणि दहा-बारा दिवस रोज थोडा दिला तर बसतो.

‘असं बोलायचं नाही, अशुद्ध आहे’ हे वाक्य घरात नको. ‘इथे लिहायचं आहे, मग पुस्तकातलं लिही’ एवढं पुरे. आपली भाषा कमी दर्जाची आहे असं ज्या मुलाला वाटू लागतं, ते लिहिताना अडखळतं आणि मोजकेच सुरक्षित शब्द वापरतं. गाडगेबाबांनी कीर्तनं याच बोलीत केली. मराठी गद्याचा आरंभ ज्यांच्या ग्रंथांपासून मानतात त्या महानुभावांचं रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे, आणि मराठी भाषेचं विद्यापीठही आता तिथे उभं राहिलं आहे. मुलाला हे सांगा, आणि जमलं तर एकदा रिद्धपूर दाखवून आणा.

६. आमच्या घरी मराठी नाहीच. गोंडी (किंवा कोरकू, कोलामी, गोरमाटी, हिंदी) बोलतो. आमच्यासाठी काय?

तुमचं मूल मराठी दुसरी भाषा म्हणून शिकतं आहे. म्हणून पहिल्या भाषेची पुस्तकं एकदम लादू नका. इतर माध्यमांच्या शाळांसाठी बालभारतीच्या ‘सुलभभारती’ या पुस्तकांपासून सुरुवात करा, मग मुलाचा वेग पाहून ‘बालभारती’कडे वळा.

व्याकरणात सगळ्यात अवघड जाईल ते लिंग. गोंडी आणि कोलामी या द्राविडी भाषा. गोंडीत पुरुषवाचक नामं एका गटात आणि बाकी सगळी दुसऱ्या गटात. कोरकू मुंडा कुळातली, तिच्यात सजीव-निर्जीव हा भेद मोठा. हिंदीत दोनच लिंगं. मराठीत तीन, आणि दगड ‘तो’, वीट ‘ती’, घर ‘ते’ का, याला कारण सांगता येत नाही. म्हणून नियम शोधत बसू नका. प्रत्येक नवं नाम ‘तो, ती, ते’ लावूनच शिकवा आणि मागोमाग एक विशेषण जोडा: मोठा दगड, मोठी वीट, मोठं घर. हिंदी येणाऱ्या मुलांनी पुस्तक, घर, पाणी हे शब्द आधी घ्यावेत. तिन्ही शब्द दोन्हीकडचे, पण हिंदीत ‘किताब’सारखंच ‘पुस्तक’ही स्त्रीलिंगी, घर आणि पाणी पुल्लिंगी, तर मराठीत तिन्ही नपुंसकलिंगी.

प्रश्न ५ मधली रेघ मारलेली वही तुमच्याकडेही चालते. डावीकडे तुमची भाषा देवनागरीत लिहा.

७. मी स्वतः सातवी शिकलेली आहे. मला जमेल का?

ताई, जमेल. आठवीपर्यंतच्या व्याकरणाला लागतो तो कान, आणि तो तुमच्याकडे आहे. ‘बहीणला सांग’ की ‘बहिणीला सांग’, यातलं कोणतं बरोबर हे तुम्हाला पुस्तक न उघडता कळतं. संज्ञा नवीन वाटतील, त्या मुलाच्या एक दिवस आधी वाचून ठेवा. उत्तरसूची असलेलं पुस्तक घ्या. आणि मुलानं विचारलेलं नाही आलं, तर ‘दोघं मिळून शोधू’ म्हणा.

८. व्याख्या पाठ करून घ्यायच्या की नाही?

उदाहरणं आधी, व्याख्या नंतर, आणि मुलाच्या शब्दांत. परीक्षेला बसायचं असेल त्या वर्षी पुस्तकातल्या शब्दांत पाठ करा.

९. शुद्धलेखन आणि व्याकरण एकच ना? दोन्हींना एकच पुस्तक चालेल?

एकच नाही, आणि दोन्हींची गल्लत झाली की मुलाला काहीच धड येत नाही. वाक्य व्याकरणानं बिनचूक असून ऱ्हस्व-दीर्घ चुकू शकतं. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनानं स्वीकारले, १९७२ साली त्यांत ४ ची भर पडली. असे एकूण १८ नियम झाले. एवढे थोडे नियम तिसरी ते आठवी या सहा वर्षांत सहज वाटून घेता येतात.

तरी एका जागी दोन्ही विषय एकमेकांत गुंतलेले आहेत, ते म्हणजे सामान्यरूप. इथे आपल्या शेतीइतका चांगला धडा कोणत्याच पुस्तकात नाही. मुलाला गावात पिकणाऱ्या मालाची यादी करायला सांगा आणि प्रत्येक नावापुढे ‘चा, ची, चं’ लावून काहीतरी जोडायला सांगा.

कापूस – कापसाचं बोंड
गहू – गव्हाची ओंबी
तूर – तुरीची शेंग
मूग – मुगाची डाळ
तीळ – तिळाचं तेल
हरभरा – हरभऱ्याचे घाटे
ज्वारी – ज्वारीचं कणीस
सोयाबीन – सोयाबीनचं पोतं

आता पेन्सिलीनं खुणा करायच्या. ‘तूर’मधला ‘तू’ दीर्घ आणि ‘तुरी’मधला ऱ्हस्व. ‘मूग’ आणि ‘तीळ’ यांचंही तेच. ‘कापूस’मधला ‘पू’ तर ‘प’ होऊन बसला. लाकूड – लाकडाचा, पाऊस – पावसाचा हे शब्द त्याच्या शेजारी लिहिले, की पहिलं अक्षर दीर्घ असलेल्या तीन अक्षरी शब्दांत मधला दीर्घ उकार जातो हे मूल स्वतः बोलून दाखवतं. मग विचारायचं, ‘वसूल’चं काय? पहिलं अक्षर ऱ्हस्व, म्हणून तिथे उकार जात नाही, फक्त ऱ्हस्व होतो. ‘गरीब – गरिबाला’ हेही तसंच, तिथे वेलांटी. ‘सोयाबीन’ मात्र काहीच बदलत नाही, कारण परका शब्द अजून मराठीच्या वळणात पुरता आलेला नाही. गावांच्या नावांत ‘पूर’ नेहमी दीर्घ लिहायचा, नागपूर, चंद्रपूर. पण ‘नागपुरात’, ‘चंद्रपुरात’ लिहिताना ऱ्हस्व.

या एका यादीवर आठवडा जातो आणि जाऊ द्यावा. असा पाठ ज्या सरावपुस्तकात असेल ते डोळे मिटून घ्या.

१०. वर्णमालेत अक्षरं ४८ की ५२? दोन पुस्तकांत दोन आकडे आहेत.

जुन्या हिशेबानं ४८: १२ स्वर, २ स्वरादी (अं, अः), ३४ व्यंजनं. २००९ सालच्या शासननिर्णयानं ॲ आणि ऑ हे स्वर आणि क्ष, ज्ञ ही विशेष संयुक्त अक्षरं धरून ५२ केली. घरी ५२ शिकवा. जुन्या पुस्तकात ४८ दिसले तर ते पुस्तक टाकून द्यायचं कारण नाही.

११. ‘ला’ हा प्रत्यय द्वितीयेचा की चतुर्थीचा? प्रयोगाचंही तसंच, दोन पुस्तकं दोन उत्तरं देतात. खरं कोणतं?

पुस्तकांत मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ सालचं, मोरो केशव दामल्यांचं १९११ सालचं. संस्कृतचा साचा मराठीला किती लावायचा, हा वाद त्या काळापासून चालू आहे. मुलासाठी पुढची वाट पुरेशी आहे.

‘ला’ दोन्हींचा. शब्दाचं वाक्यातलं काम पाहा. ‘सालदारानं बैलाला हाकललं’ यात हाकलण्याची क्रिया बैलावर घडते, बैल कर्म, म्हणून द्वितीया. ‘सालदारानं बैलाला ढेप दिली’ यात दिली ती ढेप, बैल ती घेणारा, म्हणून चतुर्थी.

प्रयोग ओळखताना कर्ता बदलून पाहा, मग कर्म बदलून पाहा. कर्त्यासोबत क्रियापद हललं तर कर्तरी: मुलगा चिंच खातो, मुलगी चिंच खाते. कर्मासोबत हललं तर कर्मणी: मुलानं चिंच खाल्ली, मुलानं आंबा खाल्ला. दोन्ही बदलून जागचं हललं नाही तर भावे: मुलानं बैलाला हाकललं, मुलीनं गाईला हाकललं.

आपल्याकडच्या मुलांबाबत एक सावधगिरी. प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे वऱ्हाडीत ‘पोट्टा खाते, पोट्टी खाते’ एकच रूप असतं. त्यामुळे लिंग बदलून केलेली ही परीक्षा त्यांच्या कानाला काहीच सांगत नाही. मूल गोंधळतं आणि पालकाला वाटतं त्याला प्रयोग समजत नाही. तिथे वचन बदला: मुलगा खातो, मुलं खातात. लगेच कळतं.

अपवाद दोन. भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की कर्मणी, असं ठोकळ्यासारखं शिकवू नका. ‘ती कविता शिकली’, ‘तो नाव विसरला’ हे कर्तरीच, कर्ता बदलून पाहा. दुसरा, ‘मी भाकर खाल्ली’ यात ‘मी’ला ‘नं’ दिसत नाही म्हणून मुलं त्याला कर्तरी म्हणतात. आजीला तेच वाक्य बोलायला सांगा. ती ‘म्या भाकर खाल्ली’ म्हणेल. तो ‘म्या’ म्हणजे ‘मी’ची तृतीया, प्रमाण भाषेत ‘मी’च्या मागे लपलेली. ‘तू कविता म्हटलीस’सारखे संकर प्रयोग (दोन प्रयोगांची सरमिसळ) नववीच्या आधी काढू नका.

१२. घरात दोन मुलं, एक सहा वर्षांचं, एक अकराचं. दोन अभ्यासक्रम घ्यायचे का?

वाक्य एक, काम दोन. फळ्यावर ‘पांढरी गाय धुऱ्यावर चरत होती’ लिहा. धाकट्यानं वाचायचं, गाय कुठे होती ते सांगायचं आणि ‘पांढरी’च्या जागी दुसरा शब्द घालायचा. मोठ्यानं ‘धुरा – धुऱ्यावर’ हा बदल समजावायचा, काळ ओळखायचा आणि वाक्य अनेकवचनात लिहायचं. मोठा धाकट्याला समजावू लागला की मध्ये बोलू नका, त्यात त्याचाही अभ्यास होतो. लेखी सराव मात्र वेगळ्या वह्यांत.

१३. पेरणी आणि वेचणीच्या दिवसांत अभ्यास बंदच पडतो. वर्षाची आखणी कशी करावी?

खंड धरूनच आखा. बारा महिन्यांचा समान भार असलेला तयार अभ्यासक्रम आपल्याकडे चालत नाही. लिंग, वचन, विरुद्धार्थी शब्द, म्हणी, वाक्प्रचार हे सगळं तोंडी होतं, ते जून-जुलैच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ठेवा. वावरात जाता-येता होईल. पोळ्यानंतर दिवाळीपर्यंत आणि नंतर संक्रांतीपासून उन्हं तापेपर्यंत लेखी काम: सामान्यरूप, काळ, प्रयोग. वर्षाकाठी पुस्तकाचा पाऊण भाग झाला तरी चालेल. ठरवलेला क्रम मात्र (प्रश्न १) बदलू नका.

मोबाईलवरच्या व्हिडिओंबद्दलही याच अंगानं विचारतात. पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतो, तेवढा वापरा. नेटवर्क असेल तेव्हा उतरवून ठेवा. रोजचा पाठ व्हिडिओवर टेकवू नका.

१४. पुढे परीक्षा द्यायची तर व्याकरण कोणत्या पुस्तकातून करायचं?

आधी परीक्षा ठरवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत अ, ब, क असे तीन स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे आहेत. पुढे दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात आणि मराठी विषय घेता येतो. तिथे त्यांचंच साहित्य वापरा. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. राज्य मंडळाच्या दहावीला खाजगी विद्यार्थी म्हणून बसायचं, तर १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. तिथे ‘कुमारभारती’ हेच पुस्तक. कृतिपत्रिकेच्या (म्हणजे प्रश्नपत्रिकेच्या) ८० पैकी १६ गुण भाषाभ्यासाला आहेत, आणि उपयोजित लेखनाचे २४. म्हणजे अर्ध्या गुणांना तुमचं व्याकरण थेट उपयोगी पडतं.

नवोदयचं विचारणाऱ्यांसाठी: सहावीच्या त्या प्रवेश परीक्षेला मूल त्याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत पाचवीत असावं लागतं, किंवा मुक्त विद्यालयाच्या ‘ब’ स्तरावर. हे बरंच आधी ठरवावं लागतं. भाषेचे प्रश्न उताऱ्यावर असतात, त्यामुळे तिथे व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा भरपूर वाचन कामी येतं.

कोणतीही परीक्षा असो, संज्ञा आणि व्याख्या परीक्षेच्या वर्षभर आधी सुरू करा. त्याच्याही आधी सुरू केल्यास मूल त्या दोनदा विसरतं.

१५. इंग्रजी व्याकरण सोबतच सुरू करायचं का?

बोलणं-वाचणं सोबत चालू द्या, व्याकरण एक-दोन वर्षांनी. मराठीत नाम, क्रियापद, विशेषण पक्कं झालेलं मूल इंग्रजीत त्याच गोष्टी फक्त नवीन नावानं ओळखतं. दोन्हीकडे एकाच आठवड्यात ‘काळ’ घेतला तर दोन्हीकडे गडबड होते. सुरुवात शब्दक्रमापासून करा: मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत कर्त्याच्या मागोमाग. पुस्तक मराठीतून समजावणारं घ्या, पण त्यातली वाक्यं इंग्रजीत बोलण्यासारखी आहेत का ते पाहा. निव्वळ भाषांतराचे सराव असलेली पुस्तकं मी सुचवत नाही.

१६. मूल दहा वर्षांचं झालं, तरी काना-मात्रा गाळते, अक्षरं उलटी काढते. कडक अभ्यासक्रम लावू का?

नको. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. दोन्ही ठीक असून, रोज वाचून-लिहूनही हेच चालत असेल, तर अध्ययन अक्षमता आहे का हे तज्ज्ञांकडून पाहून घ्या. जिल्हा रुग्णालयात विचारणा करा. तोवर व्याकरण पूर्ण तोंडी ठेवा. अशी मुलं तोंडी वाक्यरचनेत पुष्कळदा हुशार निघतात, त्यांना शुद्धलेखनामुळे मागे ठेवू नका (दोन्ही वेगळी कशी, ते प्रश्न ९ मध्ये).

१७. मध्येच शाळेत घालायचं ठरलं, तर व्याकरणात मागे पडेल का?

६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुसार योग्य वर्गात प्रवेश मिळतो, आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षणाची तरतूद कायद्यातच आहे. आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

व्याकरणात अडचण येते ती संज्ञांची. मुलाला सगळं करता येतं, पण ‘उभयान्वयी अव्यय म्हणजे काय?’ विचारलं की गप्प बसतं. प्रवेशाच्या आधी त्या वर्गाचं चालू पुस्तक आणा. त्यात आलेल्या संज्ञांची यादी करा आणि रोज दोन घ्या, प्रत्येकीला मुलाच्याच वहीतलं वाक्य जोडून. शब्दांच्या आठ जाती, विभक्तींची नावं आणि तीन प्रयोग एवढं आधी उरका. वर्गशिक्षकांना भेटून आपल्या घरी कोणता भाग झाला आणि कोणता राहिला, हे एका कागदावर लिहून द्या.